जुन्या गाडीला पेट्रोल का पोचत नाही: टाकीच्या झाकणापासून जेटपर्यंत

गाडी सकाळी चोक देऊन सुरू होते, चौकापर्यंत जाते आणि मिसिंग करत बंद पडते. किंवा साठच्या पुढे ओढतच नाही. किंवा रात्रभर उभी राहिली की खाली पेट्रोलचा डाग पडलेला असतो. या तिन्ही तक्रारींवर एकच सल्ला मिळतो: कार्बोरेटर साफ करून घ्या. साफ होतो, चार दिवस गाडी बरी चालते आणि तक्रार परत येते. कारण कचरा टाकीतून येत असतो, झाकणाचं छिद्र बुजलेलं असतं किंवा कॉकचा, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीचा, रबर फुगलेला असतो. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, हा पेट्रोलच्या वाटेवरचा शेवटचा थांबा आहे. शोध वरून सुरू करायचा आणि तो सगळ्यात शेवटी खोलायचा.

इथे डोळ्यांसमोर आहेत त्या स्प्लेंडर, सीडी १००, आरएक्स १००, जुनी बुलेट यांसारख्या गाड्या. टाकी वर, कार्बोरेटर खाली आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं. मध्ये पंप नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनवर गेल्या. त्यांना यातलं फारसं काही लागू पडणार नाही.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, फरशीवरून पसरत जाते आणि दहा फुटांवरच्या समईपर्यंत किंवा गॅस गीझरपर्यंत पोचते. म्हणून काम उघड्यावर करा, इंजिन थंड असताना करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. टाकीतलं पेट्रोल तोंडाने ओढू नका. फुप्फुसात गेलेला एक घोटही दवाखान्यात पोचवतो. काढलेलं पेट्रोल धातूच्या डब्यात ठेवा, पाण्याच्या बाटलीत नाही. जवळ वाळूची बादली किंवा कोरड्या पावडरचा अग्निशामक असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकलं की आग पाण्याबरोबर पसरते.

हत्यारं फार लागत नाहीत. ८, १० आणि १२ मिमीचे पाने, जेटच्या (कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या पितळी स्क्रूच्या) खाचेत घट्ट बसेल असा चपटा स्क्रू ड्रायव्हर, चांगल्या धारेचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना (स्प्लेंडरच्या बारीक प्लगला १६ मिमी, आरएक्स किंवा बुलेटला २१ मिमी), औषधाचं मापाचं भांडं, १० मिलीची सिरिंज, मीटरभर पारदर्शक पाइप आणि कार्बोरेटर क्लीनरचा डबा. एक स्टीलचं ताटही घ्या. क्लिप आणि स्प्रिंग ताटात पडली तर आवाज होतो, मातीत पडली तर हरवते.

दोष पेट्रोलचाच आहे का

आठ-दहा किका मारा आणि लगेच प्लग काढा. प्लगचं टोक कोरडं ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत येतच नाही. ओला असेल तर दोन शक्यता: पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी नाही. प्लग पुसा, कॅपमध्ये बसवा आणि त्याची धातूची बाजू इंजिनच्या फिन्सला टेकवून किक मारा. या तपासासाठी बॅटरीची वायर परत जोडावी लागली तर आधी सांडलेलं पेट्रोल पूर्ण वाळू द्या. प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, कारण त्या भोकातून वाफ बाहेर फेकली जाते. ठिणगी निळसर आणि टक्क आवाज करणारी हवी. पिवळी, बारीक ठिणगी दिसली तर कॉइल, कॅप आणि प्लग बघा. पुढचं वाचायची गरज नाही.

ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा असेल तर सिरिंजने १ ते २ मिली पेट्रोल प्लगच्या भोकात सोडा (टू-स्ट्रोकला त्यात टू-टी ऑइलचे दोन थेंब मिसळा), प्लग लावा, सांडलेलं पुसा आणि किक मारा. गाडी दोन-तीन सेकंद फुरफुरून मेली तर खात्री झाली: इंजिन ठीक आहे, पेट्रोल वाटेत अडकलंय.

वाट दोन भागांत तोडा

सगळ्या शोधात हा एक तपास सर्वांत मोलाचा आहे आणि तो सर्वांत कमी केला जातो. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला, म्हणजे फ्लोट बाउलला, तळाशी किंवा बाजूला ड्रेनचा स्क्रू असतो. इंजिन बंद, कॉक चालू, ड्रेनच्या नळीखाली मापाचं भांडं. स्क्रू एक फेरा सैल करा. आधी वाटीत साठलेलं पेट्रोल येईल, त्याकडे लक्ष देऊ नका. ते संपल्यावर काय होतं ते मिनिटभर बघत राहा.

धार सलग चालू राहिली तर टाकी, झाकण, कॉक, पाइप आणि फ्लोटची नीडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) सगळं सुटलं. दोष वाटीच्या पुढे, जेटमध्ये किंवा हवेच्या बाजूला आहे. धार तुटून थेंबांवर आली तर दोष वाटीच्या अलीकडे आहे आणि जेट साफ करून काहीही फरक पडणार नाही.

गाडी रस्त्यात बंद पडते त्या क्षणी, रस्त्याच्या कडेलाच हे केलं तर त्याचा खरा उपयोग होतो. फक्त गरम सायलेन्सरवर पेट्रोल पडू देऊ नका. दहा किलोमीटर चालून बंद पडणारी आणि दहा मिनिटांनी सुरू होणारी गाडी दोन कारणांनी तशी वागते: टाकीत हवा जात नाही किंवा कॉइल तापून दम टाकते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. ड्रेन उघडल्यावर पेट्रोल आलं तर कॉइल, नाही आलं तर टाकीकडे जा.

अंतरही खूण सांगतं. वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल मावतं. कॉक बंद ठेवून निघालात तर गाडी काहीशे मीटर, फार तर किलोमीटरभर जाते आणि थांबते. तुमची गाडी कॉक चालू असूनही दर वेळी तेवढ्याच अंतरावर मरत असेल, तर वाटी भरत नाही हे जवळपास नक्की.

झाकण, टाकी, कॉक

टाकीतून पेट्रोल खाली गेलं की तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती झाकणातल्या बारीक छिद्रातून येते. छिद्र धुळीने, गंजाने किंवा पॉलिशच्या मेणाने बुजलं की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला तर निदान झालं. शंका असेल तर झाकण सैल ठेवून, टाकी काठोकाठ भरलेली नसताना, मोकळ्या रस्त्यावर थोडं अंतर हळू चालवून बघा. छिद्र बारीक तारेने मोकळं करा आणि सायकलच्या पंपाने हवा मारा. पावसात पाणी जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी घालायची सवय आहे; ती पिशवी नेमकं हेच छिद्र बंद करते. पाणी शिरत असेल तर झाकणाचं रबर बदला.

आता धार मोजा. पाइप कार्बोरेटरच्या बाजूने काढा, भांड्यात सोडा आणि कॉक चालू करा. किती यायला हवं? लिटरला ६० किलोमीटर देणारी गाडी ६० च्या वेगाने तासाला १ लिटर पिते, म्हणजे मिनिटाला साधारण १७ मिली. लिटरला ३० देणारी बुलेट ८० च्या वेगाने मिनिटाला ४५ मिलीच्या आसपास. उघड्या पाइपमधून याच्या कितीतरी पट जास्त यायला हवं. गाडी चालताना फ्लोटची नीडल अर्धवटच उघडी असते, शिवाय टाकी तळाला गेली की दाब कमी होतो. मिनिटाला १५० ते २०० मिली सहज भरत असेल तर समाधान माना. १०० च्या खाली असेल तर वाट कुठेतरी तुंबली आहे. हीच मोजणी दोनदा करा, एकदा झाकण बंद ठेवून आणि एकदा उघडून, दोन्ही वेळा पूर्ण दोन मिनिटं. झाकण बंद असतानाच धार मंदावली तर छिद्र. दोन्ही वेळा सारखीच बारीक असेल तर कॉक किंवा जाळी.

काही गाड्यांच्या आणि बऱ्याच स्कूटरच्या कॉकला पेट्रोलच्या पाइपशिवाय एक बारीक नळी इंजिनकडे गेलेली असते. त्यात इंजिन ओढल्याशिवाय पेट्रोल येतच नाही. तिथे त्या बारीक नळीला सिरिंज लावून हलकं ओढा आणि मग धार बघा. ओढूनही येत नसेल तर आतला पडदा फाटलाय.

साध्या कॉकमध्ये टाकीच्या आत एक उंच नळी उभी असते. 'ऑन' वर पेट्रोल त्या नळीच्या तोंडातून जातं, 'रिझर्व्ह' वर अगदी तळातून. म्हणून रिझर्व्हवर नीट आणि ऑनवर बंद पडणारी गाडी असेल तर आधी टाकीत डोकावून बघा. पेट्रोल नळीच्या खाली गेलेलं असू शकतं. उलट ऑनवर नीट आणि रिझर्व्हवर मिसिंग असेल तर तळाचा गाळ किंवा पाणी वाटेत येतंय. टाकी रिकामी करून कॉक काढा, जाळी ब्रशने आणि पेट्रोलने धुवा. दांडीमागे भोकांचा एक रबरी वॉशर असतो. तो इथेनॉलच्या पेट्रोलने फुगतो आणि भोकं लहान होत जातात. बाहेरून कॉक नवाकोरा दिसतो, आतून अर्धा बंद. तो वॉशर स्वस्तात मिळतो. कॉक एकदा खोललाच आहे तर बदलूनच टाका.

टाकीच्या तळातलं २०० मिली पेट्रोल स्वच्छ काचेच्या बरणीत काढा आणि पंधरा मिनिटं हलवू नका. तळाला तपकिरी पूड बसली तर गंज. वेगळा थर दिसला किंवा पेट्रोल दुधट दिसलं तर पाणी. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि एका मर्यादेपर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळून जळूनही जातं. मर्यादा ओलांडली की पाणी इथेनॉलला सोबत घेऊन खाली बसतं, नेमकं कॉक जिथून पितो तिथे. असं पेट्रोल गाळून वापरता येत नाही, कारण वर उरलेल्याचा ऑक्टेनही उतरलेला असतो. सगळं काढून टाका. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की हे होण्याची शक्यता वाढते.

गंज पृष्ठभागावरचा असेल तर टाकी वाचते. टाकी उतरवा, कॉक आणि मीटरचा फ्लोट काढा, भोकं बंद करा. साबणाच्या पाण्याने इतक्या वेळा धुवा की पेट्रोलचा वास उरणार नाही. मग लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरला ५० ते १०० ग्रॅम या मापाने गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा आणि १२ ते २४ तास ठेवा. जाड पोपडे असतील तर आत बारीक साखळीचा तुकडा टाकून हलवा. नटबोल्ट टाकायचे तर मोजून टाका आणि मोजून काढा. पाणी ओता, लिटरला चमचाभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा आणि लगेच उन्हात उलटीपालटी करून वाळवा. इथे ढिलाई केली तर तासाभरात आत नारिंगी गंज परत दिसतो, म्हणून पूर्ण वाळताच थोड्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून सगळ्या भिंतींना फिरवा. आतून लेप देण्याचा मोह आवरा. ओलसर किंवा गंजलेल्या पत्र्यावरचा लेप वर्षभरात पापुद्र्यांनी सुटतो आणि ते पापुद्रे गंजापेक्षा वाईट तुंबवतात. पत्र्याला भोकं पडली असतील तर लेपाने नाही, टाकी बदलून काम भागतं.

पाइप आणि फिल्टर

पाइप दाबून बघा. कडक, काळपट, टोकाला चिरलेला असेल तर बदला. जुने पाइप आतल्या बाजूने फुगतात आणि बाहेरून काही कळत नाही. नवीन पाइप त्याच व्यासाचा घ्या आणि लांबी एवढीच ठेवा की तो सतत उतरता राहील. मध्ये वर चढणारा वळसा आला की तिथे हवेचा बुडबुडा अडकतो आणि पंप नसल्यामुळे तो कोणी ढकलत नाही. जादा बसवलेला फिल्टर जाळीचा असू द्या. दाट कागदाचे फिल्टर पंपाच्या गाड्यांसाठी असतात. वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलला ते नळावर बोट धरल्यासारखे होतात. फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे हवा. पारदर्शक फिल्टर अर्धा रिकामा दिसतो म्हणून घाबरू नका, धार पुरत असेल तर तसाच राहू द्या.

फ्लोट आणि नीडल

वाटीत पेट्रोल भरलं की फ्लोट वर उचलला जातो आणि नीडलच्या टोकाने वाट बंद होते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि नीडल बंद अवस्थेतच चिकटते. पाइपची धार जोरात पण ड्रेनमधून काही नाही, हीच तिची खूण. स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने वाटीवर हलके चार ठोके द्या, पुष्कळदा सुटते. सुटली तरी कार्बोरेटर खोलायचा आहे हे विसरू नका, कारण तोच थर जेटमध्येही आहे.

उलट बाजू ओव्हरफ्लोची. नीडलखाली कण अडकला, रबरी टोकावर गोल खाच पडली, फ्लोटला भोक पडून तो जड झाला किंवा फ्लोटची पितळी पट्टी वाकली, की वाट बंदच होत नाही आणि नळीतून पेट्रोल ठिबकतं. नीडलचं टोक बोटाच्या नखाने तपासा. कडा जाणवली तर टोक आणि सीट दोन्ही बदला. फ्लोट कानाशी हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो गेला. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे भोक दाखवतील.

ठिबकणाऱ्या गाडीत एक धोका असतो, तो बाहेर दिसत नाही. पेट्रोल इंजिनच्या बाजूनेही वाहू शकतं आणि फोर-स्ट्रोकमध्ये ते ऑइलमध्ये उतरतं. रात्रभर ओव्हरफ्लो झाला असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइल पातळ, पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. त्या पातळ ऑइलवर बेअरिंग आणि पिस्टन घासले जातात.

वाटीतली पातळी बघायला पारदर्शक पाइप ड्रेनला लावा, दुसरं टोक कार्बोरेटरला चिकटवून वर धरा, कॉक चालू करा आणि ड्रेन उघडा. पाइपमधली रेघ म्हणजेच आतली पातळी. बहुतेक कार्बोरेटरमध्ये ती वाटीच्या गॅस्केटच्या रेषेच्या थोडी खाली असते. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, कारण एका कार्बोरेटरचा आकडा दुसऱ्याला चालत नाही. पट्टी वाकवायची झाली तर केसभर वाकवा आणि परत मोजा.

जेट

आता कार्बोरेटर खोलायची वेळ. खोलण्याआधी ॲक्सिलरेटरच्या मुठीवर पांढरी टेप लावा आणि बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. गाडी नेमकी कोणत्या खुणेवर अडखळते ते लिहून घ्या, कारण प्रत्येक टप्प्यावर वेगळा भाग राज्य करतो. बंद ते साधारण एक अष्टमांश हा पायलट जेट आणि एअर स्क्रूचा (आयडलिंगचं मिश्रण जुळवणाऱ्या स्क्रूचा) भाग. तिथून पावपर्यंत स्लाइडचा, म्हणजे रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या नळकांड्याचा, तिरपा काप. पाव ते पाऊण स्लाइडला लटकणारी लांब नीडल आणि तिचा नीडल जेट. पाऊणच्या पुढे मेन जेट. आयडलिंगला टिकत नाही पण रेस दिली की नीट पळते, तर मेन जेटला हात लावायचं कारण नाही. गावात छान आणि चढावर पूर्ण रेसला खोकते, तर पायलट जेट निर्दोष आहे. चोक ओढल्यावर नीट चालते आणि चोक बंद केला की मरते, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. बहुधा पायलट जेट बुजलाय किंवा कुठूनतरी जादा हवा शिरतेय.

खोलताना एअर स्क्रू आधी आत फिरवत न्या, हलका टेकेपर्यंत, आणि किती फेरे लागले ते लिहा. मगच बाहेर काढा. वाटीचे फुलीचे स्क्रू मऊ असतात. योग्य मापाचा ड्रायव्हर खाली दाबून एकदाच ठाम झटका द्या. सरकला की खाच गेली. फ्लोटची पिन एका बाजूने बाहेर येते, मारून काढू नका, पिन धरणारा खांब तुटला तर अख्खा कार्बोरेटर गेला. रबरी ओ-रिंग आणि प्लास्टिकचा फ्लोट क्लीनर मारण्याआधी बाजूला काढा.

पायलट जेट काढून आकाशाकडे धरा. त्याचं भोक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतं, राईच्या दाण्याहून कितीतरी बारीक. स्वच्छ जेटमधून उजेडाचा एक गोल, कडक ठिपका दिसतो. ठिपका अंधुक, चंद्रकोरीसारखा किंवा पिवळसर दिसला तर आत थर आहे, भले फुंकल्यावर हवा जात असो. क्लीनरमध्ये तासभर बुडवून ठेवा आणि मग नायलॉनच्या टूथब्रशचा एक केस किंवा लवचीक वायरमधली तांब्याची एक बारीक तार घालून काढा. सुई किंवा स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक कणभर मोठं झालं की त्या जेटवरचा आकडा खोटा ठरतो. मेन जेट आणि त्यामागच्या नळीच्या बाजूची सगळी बारीक भोकंही अशीच बघा. काही कार्बोरेटरमध्ये स्लो जेट दाबून बसवलेला असतो. तो ओढू नका, जागेवरच क्लीनर मारा.

जेट चकाचक आणि आतल्या वाटा बुजलेल्या, ही नेहमीची चूक. डोळ्यांवर चष्मा लावून एअर स्क्रूच्या भोकातून क्लीनर मारा आणि तो घशात, स्लाइडच्या खालच्या टिकलीएवढ्या छिद्रांतून बाहेर येतो का ते बघा. प्रत्येक वाटेला दोन टोकं आहेत. दुसऱ्या टोकाला फवारा दिसेपर्यंत ती वाट मोकळी झाली असं धरू नका.

नवीन जेट घ्यायचा तर त्याच कंपनीचा, त्याच आकड्याचा. मिकुनी आणि केहिन यांची आकड्यांची पद्धत वेगळी आहे, एकाचा १०० दुसऱ्याच्या १०० बरोबर नसतो.

परत बसवताना

स्लाइडचा तिरपा काप एअर फिल्टरच्या बाजूला येतो. स्लाइड खाचेत नीट बसली की वरून सोडल्यावर 'टक' आवाज करून खाली येते. येत नसेल तर गाडी सुरू करू नका. रेस पूर्ण देऊन सोडा, हँडल दोन्ही टोकांना वळवून परत तेच करा. कुठेही मूठ अडकली तर केबल सोडवून मगच पुढे जा. इथली चूक जिवावर बेतते.

एअर स्क्रू पहिल्यांदा लिहून ठेवलेल्या फेऱ्यांवर, आकडा हरवला असेल तर हलका टेकवून दीड फेरा बाहेर ठेवा. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, आयडलिंग जरा वाढवा आणि स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सर्वांत जोरात आणि सलग फिरतं ती जागा शोधा. मग आयडलिंग परत खाली आणा. स्प्लेंडरसारख्या गाडीला १४०० आरपीएमच्या आसपास. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो, आत फिरवला की पेट्रोल वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल सोडतो आणि सगळं उलट होतं. हे न बघता फिरवणारे तासन्‌तास चुकीच्या दिशेने जातात.

एका वेळी एकच बदल करा. जेट, नीडलची क्लिप आणि स्क्रू एकाच दिवशी बदललेत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

पेट्रोल पुरेसं आहे, हवा जास्त आहे

रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ घेतं, आयडलिंग मनाला येईल तसं वर-खाली होतं, सायलेन्सरमधून फटाके फुटतात. अशा वेळी कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला रबर, त्याची ओ-रिंग आणि गॅस्केट बघा. चालू इंजिनवर त्या जोडांवर सिरिंजने साबणाच्या पाण्याचे थेंब सोडा. आवाज बदलला तिथे फट आहे. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर मारून तपासायची पद्धत आग लावणारी आहे, ती करू नका. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचं सील गेलं तरी अशीच हवा ओढली जाते. टू-स्ट्रोकमध्ये कमी पेट्रोलवर दामटलं की इंजिन जास्त तापतं, आणि ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असेल तर तेही कमी पोचतं, त्यामुळे पिस्टन जाम होऊ शकतो. अशी गाडी दुरुस्तीपर्यंत उभीच ठेवा.

प्लगचा रंग पाच-सात किलोमीटर एका वेगाने चालवून, इंजिन तिथेच बंद करून बघा. भाजलेल्या बिस्किटाचा रंग हवा. चुनखडीसारखा पांढरा म्हणजे पेट्रोल कमी. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त; त्यात आधी एअर फिल्टर झटका आणि चोक पूर्ण बंद होतो का ते तपासा.

ई-२० पेट्रोलचा यात वाटा आहे. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर साधारण १३.५ पट. जेट तोच राहिला तर मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. बऱ्याच जुन्या गाड्यांना ते पचतं. प्लग पांढरा पडत असेल आणि हवेची फट नाही याची खात्री असेल, तर आधी नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या. त्याने नीडल वर येते आणि मधल्या रेसला पेट्रोल वाढतं. पूर्ण रेसलाही कमी पडत असेल तर मेन जेट एक पायरी मोठा. रबराचे भाग बदलताना इथेनॉल चालेल असेच मागून घ्या.

गाडी उभी राहणार असेल तेव्हा

तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस गाडी चालणार नसेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग ड्रेन उघडून उरलेले थेंब काढा. टाकी गळ्याच्या थोडी खालीपर्यंत भरलेली ठेवा, म्हणजे आत दमट हवा कमी राहील आणि पत्रा गंजणार नाही. पावसाळा संपल्यावर किक मारण्याआधी टाकीच्या तळातलं कपभर पेट्रोल बरणीत काढून बघा. स्वच्छ असेल तर कॉक चालू करा, दोन मिनिटं थांबा, ओव्हरफ्लोच्या नळीखाली बोट लावून ती कोरडी आहे का पाहा आणि मगच किक मारा.